डावा कोपरा

मला चेहरे आठवत नाहीत, घोटे आठवतात.
सावलीच्या एका पोराचा, सागाच्या फाट्यासारखा टणक.
लाखांदूरच्या त्या उंच चढाईवाल्याचा, तेल चोपडलेला,
हातातून मासोळीसारखा सुटायचा.
आणि एका फॉरेस्ट गार्डचा, काळा दोरा बांधलेला.
दोरा माझ्या मुठीत राहिला,
गार्ड रेषेपार गेला.

बावीस हिवाळे झाले.
धान निघालं, बांध्या मोकळ्या झाल्या
की एखाद्या बांधीत पाणी शिंपून, चोपून
चुन्याच्या रेषा ओढतात,
बांबूंवर हॅलोजन चढतात,
आणि फोन वाजतो:
"हिवराज, उद्या येतं का गा? सातशे, अन् जेवण."
कोणाकडून, ते मी नंतर विचारतो.

एकाच मोसमात मूलला पिवळा,
सिंदेवाहीत लाल,
नागभीडलाही लाल, पण दुसऱ्यांचा.
पाठीवर कधी खताचं दुकान,
कधी वाढदिवस असलेला सरपंच, गॉगल लावून.
त्या सरपंचाला घेऊन मी किती वेळा मातीत पडलो.

टीव्हीवरच्या लीगसाठी एकदा नागपूरला निवड होती.
रात्रीच्या पॅसेंजरनं गेलो, डब्यात वाटाण्याची उसळ.
काट्यावर उभं केलं. छाती मोजली.
वय विचारलं.
मी खरं सांगितलं.
साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

नियम असा, की खेळाडू गावचाच पाहिजे.
म्हणून जो पोरगा सुरतेला कंपनीत आहे
किंवा तेलंगणात मिरची तोडायला गेलाय,
त्याचं आधारकार्ड त्या रात्री माझ्या खिशात.
मी खेमराज झालो आहे, डाकराम झालो आहे,
एकदा तर एकोणीस वर्षांचा झालो,
पंचानं माझ्या टकलाकडे बघितलं
आणि शिट्टी तोंडात धरली.

लोमेश शेंडे झालो त्या रात्री सात पकडी.
भोंग्यावर नुसता लोमेश, लोमेश.
मॅच संपल्यावर एक बाई आली, शाल डोक्यावरून घेतलेली,
हातात टोळीच्या तेलाची बाटली.
खाली बसून माझ्या गुडघ्याला चोळू लागली.
मी म्हटलं, मावशी, राहू द्या.
"नाव माह्या पोराचं घेतलं बापा,
पन टोंगळा त तुहाच दुखते ना."
मग बराच वेळ चोळत राहिली.
तो कधी येणार, हे तिनं मला विचारलं नाही,
पण माझ्याकडे बघत होती
मला माहीत असल्यासारखी.

गेल्या पौषात आमच्याच गावात सामने झाले.
आमच्या मंडळानं मला घेतलं नाही. नव्या पोरांना संधी.
बरोबर आहे.
पलीकडच्या गावानं हजार दिले.

तिसऱ्या चढाईला पाय माझ्या कोपऱ्यात आला, बोनससाठी,
आणि घोट्यावर मला तो डाग दिसला.
माझ्याच गाडीचा सायलेन्सर लागलेला,
तेव्हा ओमदेव आठ वर्षांचा होता,
आठवडी बाजारातून येताना रडला नव्हता.
बहिणीनं मात्र मला महिनाभर बोल लावला.

मी ओळखलं, एवढंच सांगतो.
हात ओळखत नाही. हात मिटतो.
भाचा माझ्याखाली, त्याचा दम तुटला
अर्ध्या शब्दात, "कब"वर.
भोंग्यावर आमचे गुरुजी होते, मला चौथीत शिकवलेले.
हातात यादी, यादीत दुसऱ्याच कुणाचं नाव.
क्षणभर थांबले. मग म्हणाले,
"सुंदर पकड, पाहुण्या खेळाडूची."

रात्री एकाच वाटेनं घरी जायचं होतं.
तो पुढे, लंगडत. मी मागे, लंगडत.
दोघांचे पाय वेगळे, कारणंही.
बोरिंगजवळ थांबला, पाय धुतला,
दांडा हापसत, माझ्याकडे न बघता म्हणाला,
"मामा, तो हात आला कुठून, तेवळं दाखव."

मी ओल्या चिखलात बसलो.
टोंगळा कडकन वाजला.
म्हटलं, टाक पाय.
नाही, असा नाही. मी इथं नाही असं समजून टाक.